होतं तसं परत ठेवायचं

माझा धाकटा भाऊ तळाशी होता आणि त्याला गुंगी चढली होती. हे मला त्याच्या हसण्यावरून कळलं.

खूप खोल गेलं की नळीतून येणारी साधी हवाच माणसाला चढते. कोणी घाबरतं, कोणी उगाच भांडायला उठतं. आमचं रत्न हसतं. पाण्याखाली बोलायच्या फोनच्या डब्यातून त्याचं ते खिदळणं ऐकू आलं की माझी नजर खोली दाखवणाऱ्या काट्यावर जाते. वर असताना हा माणूस असा हसत नाही. वर तो सगळ्यांना शिकवत असतो, म्हणून तर आमच्या कामाच्या तराफ्यावर त्याचं नाव 'प्रोफेसर' पडलंय.

डोंगरातलं धरण होतं. बोगद्याच्या तोंडाशी जी लोखंडी जाळी असते, तिच्यात झाडाचं एक खोड अडकलं होतं. ते कापून मोकळं करायचं, एवढंच काम. खोड जाळीच्या मधल्या भागात असेल असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. ते निघालं थेट तळाशी. उस्तादांनी त्याला विचारलं, वर येतोस का, उद्या नीट तयारीने जाऊ. तो म्हणाला, "आलोच आहे तर काढूनच येतो." त्यानंतर करवतीचा आवाज आणि हे खिदळणं, दोन्ही एकदम सुरू झालं.

उस्ताद म्हणजे आमचे सुपरवायझर. जन्मभर पाण्यात काढल्यामुळे त्यांचा डावा कान गेलाय, त्यामुळे तराफ्यावरच्या केबिनमध्ये ते नेहमी माझ्या डाव्या हाताला उभे राहतात आणि उजवा कान फोनकडे करतात. बाहेर फळीवर राखीव पाणबुड्या पोशाख घालून बसलेला असतो, गरज पडली तर उडी मारायला. आणि मी पत्र्याच्या त्या केबिनमध्ये टेबलाशी. कोण किती खोल गेलं, किती वेळ राहिलं, ते बघायचं आणि वर येताना कुठे किती थांबायचं ते सांगायचं. मला ही नोकरी भावानेच लावून दिली. आई तेव्हा म्हणाली होती, "तू आहेस ना तिथे, मग मला काळजी नाही." तिची सगळी काळजी तेव्हापासून मी वाहतेय. मी मुळातच भित्री, त्यात ही भर.

थांबण्याचं गणित चुकवून चालत नाही. खोल पाण्यात हवा रक्तात भिनलेली असते. सावकाश, टप्प्याटप्प्याने थांबत वर आलं तर ती श्वासावाटे निघून जाते. घाई केली तर तिचे अंगातच बुडबुडे होतात. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतात तसे. मग सांधे धरतात, नाहीतर पाठीचा कणा जातो. त्यात आमचं धरण उंचावर, म्हणजे समुद्रावरचे तक्ते इथे लागू पडत नाहीत. उंचीचा हिशेब करणारी एक भलीमोठी स्प्रेडशीट कंपनीने एका डॉक्टरांकडून बनवून घेतली होती. तिच्यात इतक्या चौकटी होत्या की उस्तादांनी दोनदा भलत्याच ठिकाणी आकडा टाकून सूत्रंच पुसून टाकली.

तेव्हा प्रोफेसरने जाहीर केलं, की यापुढे शीटला कोणी हात लावायचा नाही. घरी रात्रंदिवस बसून त्याने एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्यात फक्त दोन रकाने आणि एक बटण. मी खोली आणि वेळ टाकायची, बटण दाबायचं. मग तो प्रोग्रॅम आपणहून स्प्रेडशीटच्या मानगुटीवर बसतो, तिच्या चौकटी भरतो, तिच्याकडून गणित करून घेतो आणि उत्तर तेवढं माझ्यासमोर आणून ठेवतो. "ताई, तू राणीसारखी बस. तो तिला राबवेल," भाऊ म्हणाला होता. मला ते आवडलं होतं. ज्याचं गणित त्यानेच सोडवण्याची सोय केलेली, त्यात माझ्यासारखीने लुडबुड कशाला करायची?

त्या दिवशी खोड सुटलं, तळाशी धाडकन काहीतरी आदळल्याचा आवाज आला आणि भाऊ ओरडला, "सुटलं! बघितलंस का ताई, कसलं सुटलं!" मी काय बघणार? मला काटा दिसत होता. काटा ठरवल्यापेक्षा बराच खाली होता आणि वेळही ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त झाला होता.

"आता निघ," उस्ताद म्हणाले. "हळू ये. ताई आकडे काढतेय."

मी नवे आकडे टाकले आणि बटण दाबलं. उस्तादांनी सकाळी उंचीचा आकडा बघायला म्हणून ती शीट उघडली होती आणि तशीच ठेवली होती. त्यामुळे प्रोग्रॅमने तीच धरली आणि पडद्यावर चौकटी एकेक करून भरताना आम्हाला दिसू लागल्या. उस्तादांना राहवलं नाही.

"उंची बरोबर पडली ना गं?" म्हणत त्यांनी माझ्या हातावरून हात घालून माउस धरला आणि एका चौकटीवर दोनदा टिचकी मारली. चौकटीत रेघ लुकलुकायला लागली. भरणं थांबलं. मग एक इंग्रजी पाटी आली. समोरच्या प्रोग्रॅमने विनंती नाकारली, असा काहीसा मजकूर, आणि खाली दोन बटणं.

"उस्ताद!"

"मी काही केलं नाही," ते म्हणाले आणि हात मागे घेतला.

मी फोनचं बटण दाबलं. प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्यालाच विचारायला हवं होतं आणि तो अंधाऱ्या पाण्यातून वर येत होता. "अरे, तुझा प्रोग्रॅम अडकलाय. पाटी आलीय. एंड म्हणतोय आणि डीबग म्हणतोय. काय दाबू?"

डब्यातून आधी नुसता श्वास आला, मग खिदळणं. "एंड दाब. सरळ एंड! तिचा काय जीव जातोय?"

"नीट सांग रे."

"नीटच सांगतोय बाई. एंड. आणि परत बटण दाब."

दारू प्यायलेल्या माणसाला रस्ता विचारू नये, एवढी अक्कल मला आहे. पण दुसरं विचारणार कोणाला? मी एंड दाबलं. उस्तादांनी एक बोट पुढे करून चौकटीतली ती लुकलुकणारी रेघ बंद केली. मी परत आकडे टाकले, परत बटण दाबलं. चौकटी भरभर भरल्या, कुठेही अडखळल्या नाहीत, आणि उत्तर आलं. पहिला थांबा सहा मीटरवर, थोडाच वेळ. दुसरा तीन मीटरवर, त्याहून जरा जास्त. माझा जीव भांड्यात पडला.

"मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी आलं," उस्ताद म्हणाले. "चला, पोरगं लवकर सुटलं."

तो वर यायला लागला तसं त्याचं हसू उतरत गेलं. सहा मीटरवर तो थांबला तेव्हा अगदी माणसात आला होता. थंडी वाजतेय म्हणाला, भूक लागलीय म्हणाला, करवतीचं पातं बदलायला हवं म्हणाला. मी त्याला तीन मीटरवर यायला सांगितलं. बाहेर राखीव पाणबुड्याने पोशाखाची चेन गळ्यापासून थोडी खाली ओढली. काम संपत आलं की तो तसंच करतो.

मी रिकामी बसले होते. रिकामं बसलं की माझी नजर नको तिथे जाते. प्रोग्रॅमच्या खिडकीत ताज्या उत्तराच्या खाली आधीचं उत्तर करड्या रंगात राहतं. आधीचं म्हणजे सकाळचं, तो पाण्यात उतरण्यापूर्वी ठरलेल्या खोलीसाठी काढलेलं. मी वरचं वाचलं, खालचं वाचलं. दोन्ही सारखीच होती, मिनिटांसकट.

खोली वेगळी, वेळ वेगळा, आणि उत्तर तेच? कधीकधी येत असेल, मी स्वतःची समजूत घातली. टप्प्यांचे तक्ते असतात, दोन आकडे एकाच टप्प्यात पडत असतील. तरी हात गेलाच. मी खोलीच्या रकान्यात शंभर मीटर टाकलं. शंभर मीटरवरून माणूस आमच्या असल्या सामानाने जिवंत परत येत नाही. बटण दाबलं. सहा मीटरवर थोडाच वेळ, तीन मीटरवर जरा जास्त.

मग मी शून्य टाकलं. पाण्यात पायही न घातलेल्या माणसाला त्या शीटने सहा मीटरवर थांबायला सांगितलं.

मी तडक फोनचं बटण दाबलं.  

"थांब. वर येऊ नकोस. जिथे आहेस तिथेच थांब."

"आता काय झालं? वेळ संपत आलाय माझा."

"उत्तर चुकलंय. शीट काहीही टाकलं तरी तेच उत्तर देतेय. शंभर टाकले, तेच. शून्य टाकलं, तेच."

"तू टाकताना चुकली असशील."

"मी नाही चुकले!"

"ताई, उगाच घाबरवू नकोस सगळ्यांना. तो प्रोग्रॅम मी लिहिलाय. दोनशे वेळा तपासलाय. मला इथे हुडहुडी भरलीय, मी येतोय वर."

काटा हलला. खरंच वर येत होता. उस्तादांनी फोनवर झेप घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना त्याच्यावर ओरडताना ऐकलं. "एक हात जरी वर सरकलास तर माणूस पाठवून खाली ओढायला लावीन, गाढवा! ती काय विचारतेय त्याला उत्तर दे!"

काटा थांबला. मला काय विचारायचं तेच सुचेना.  मी म्हणाले, "तू मला सांग, तुझा प्रोग्रॅम बटण दाबल्यावर करतो काय. पहिल्यापासून सांग. मला कळेल असं सांग."

शिकवायला सांगितलं की तो कुठेही शिकवतो. गार पाण्यात, दोरीला लटकून, त्याने सुरुवात केली. "शीट मोठी आहे ना, एकेक चौकट भरली की ती दरवेळी सगळं गणित पुन्हा करते. त्यात वेळ जातो. म्हणून मी आधी बघतो, की गणित चालू आहे की बंद. ते लक्षात ठेवतो. मग गणित बंद करतो. सगळ्या चौकटी भरतो. शेवटी, आधी जसं होतं तसं परत करतो. चालू होतं तर चालू. आईने काय शिकवलंय आपल्याला? दुसऱ्याच्या घरातली वस्तू घेतली तर होती तशी परत—"

तो मधेच थांबला. 

"अरे?"

"पाटी आली तेव्हा," तो हळूच म्हणाला, "चौकटी भरत होत्या? मध्यात होतं?"

"हो. मध्यात."

"आणि मी एंड म्हणालो?"

"हो."

"मग शीट बंद करून परत उघडलीस?"

"नाही. तू नुसतं बटण दाब म्हणालास."

तो शिवी देईल असं मला वाटलं. त्याने दिली नाही, आणि त्यानेच माझं धाबं दणाणलं. "गणित तेव्हा बंद होतं, ताई," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला प्रोग्रॅमने बघितलं, बंद आहे. म्हणून काम झाल्यावर बंदच ठेवलं. होतं तसं. आकडे नवे, उत्तर सकाळचं. शीटवर जा, माझे खरे आकडे टाक, आणि एफ नऊ दाब, म्हणजे ती नव्याने मोजेल."

मी शून्य पुसलं. त्याची खरी खोली टाकली, खरा वेळ टाकला. टाकताना मोठ्याने वाचलं, उस्तादांनी मान हलवली. एफ नऊ दाबलं. इतका वेळ गप्प बसलेल्या चौकटी वरपासून खालपर्यंत एकदम बदलल्या.

पहिला थांबा बारा मीटरवर होता. तिथून तो न थांबता सरळ वर आला होता. मग नऊ, मग सहा, मग तीन, आणि तीनवरचा थांबा एवढा लांब, की मला वाटलं मी चौकट चुकतेय.

"किती आलं?" त्याने विचारलं.

मला सांगावंसं वाटेना. लहानपणी त्याचा पेपर फुटबॉलपायी बुडाला, की निकाल मी बघून यायचे आणि त्याला सांगताना दोन मार्क वाढवून सांगायचे. इथे एक मिनिटही वाढवता येत नव्हतं की कमी करता येत नव्हतं. मी सगळं जसंच्या तसं वाचलं.

"बरं," तो म्हणाला. "मग परत खाली जातो."

उस्तादांनी त्याला बारावर नेलं आणि प्रत्येक थांबा शीट सांगते त्याहून वाढवून धरायचा ठरवला. राखीव पाणबुड्याला त्यांनी काठावर पिटाळलं. तिथे आमचा दाबाचा चेंबर असतो, माणूस आडवा झोपेल एवढी लोखंडाची टाकी. वर आल्यावर काही दुखलं-खुपलं तर त्यात घालून परत दाबाखाली न्यायचं. "दार उघडून तयार ठेव," ते म्हणाले, "बहुतेक लागणार नाही." मला 'बहुतेक' हा शब्द त्या दिवसापासून सहन होत नाही.

मग नुसतं थांबणं. भीतीचं एक असतं, काही करायला असलं की ती जरा बाजूला बसते. मला करायला काहीच नव्हतं. घड्याळाकडे बघायचं, काट्याकडे बघायचं, आणि त्याचे श्वास ऐकायचे. एखादा श्वास जरा उशिरा आला की मी खुर्चीतून अर्धी उठायचे. उस्ताद माझ्या डाव्या हाताला उभे होते आणि एकदाही बसले नाहीत.

"ताई, बोल की काहीतरी," तो नऊ मीटरवरून म्हणाला.

"काय बोलू? तुझी अक्कल काढू?"

"ती काढ नंतर. लॅपटॉप जवळ आहे ना? प्रोग्रॅम उघड. आत्ताच दुरुस्त करून टाकू."

"आत्ता?"

"मला दुसरं काय काम आहे?"

मी प्रोग्रॅमच्या आतलं पान उघडलं. त्याने एकेक अक्षर सांगितलं आणि मी टाइप केलं. टिंब कुठे, कंस कुठे, सगळं. "आधी काय होतं ते विचारायचंच नाही. शेवटी सरळ लिहायचं, गणित चालू कर. वर आणखी एक ओळ घाल, मध्येच काही बिघडलं तरी इथेच येऊन गणित चालू करायचं. आणि उत्तर आणण्याआधी एकदा हुकूम द्यायचा, आत्ताच्या आत्ता मोज." चार ओळींचं काम होतं. चार ओळींसाठी माझा भाऊ गार पाण्यात लटकला होता. मी परत शून्य टाकून बटण दाबलं आणि या वेळी शीट म्हणाली, थांबायची गरज नाही.

"चालला!" मी ओरडले.

"मग? मी लिहिलाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जुना प्रोफेसर आला होता आणि मला रडू फुटलं. मी फोनचं बटण सोडून रडले, म्हणजे त्याला ऐकू जाणार नाही.

तीन मीटरवर तो फार बोलला नाही. खांदा ठणकतोय म्हणाला. करवत धरून धरून आखडला असेल, असं तोच म्हणाला. उस्तादांनी त्याला तीन-तीनदा विचारलं, मुंग्या येतायत का, चक्कर येतेय का. नाही म्हणाला. थंडीने पाय बधिर झालेत म्हणाला. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं, मी उस्तादांकडे. पाणी खरोखरच बर्फासारखं होतं. पाय कोणाचेही बधिर झाले असते.

शेवटी वेळ भरला. तो शिडीवर आला, एकेक पायरी स्वतः चढला. मी मोजत नव्हते, पण प्रत्येक पायरीला माझा श्वास सुटत होता. उस्तादांनी डोक्यावरचं टोप काढलं. ओठ निळे पडलेले, केस चपटे, आणि हसू तेच वरचं, शहाण्या माणसाचं. "चेहरे बघा तुमचे," तो म्हणाला. "मेलो नाहीये मी." मी त्याच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि त्याच हाताने त्याला धरून फळीवर बसवलं.

मी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. उस्तादांनी गरम चहाचा पेला त्याच्या हातात दिला. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला, घोट घेतला, गोड कमी आहे म्हणाला. मी त्याच्यासमोर खाली बसले, ओले बूट ओढून काढले, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागले. आईला काय सांगायचं, किती सांगायचं, काय गाळायचं, हे माझ्या डोक्यात सुरूही झालं होतं. पावलं गार होती, पाण्यात राहून पांढरीफटक सुरकुतलेली. मी बोटं चोळली, टाचा चोळल्या. ऊब यावी म्हणून तळव्यांवर तोंडाची वाफ घातली.

मग पावलं घोंगडीच्या टोकाखाली घेऊन चोळत राहिले. तो वरून माझ्याकडे बघत होता.

"काय करत बसलीयस ताई?" तो म्हणाला. "आधी ते बूट तरी काढ. ओले आहेत, पायाला काही कळेना झालंय."

उस्तादांच्या हातातली किटली खाली आपटली. "चेंबर!" ते काठाकडे बघून ओरडले. "चेंबर तयार कर!"

त्याची उघडी पावलं मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

"काढते रे," मी म्हणाले.